फाइलीत नसलेली नोंद

(स्मृती व्याख्यानमालेत बेळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या दवाखान्यात मी लहानपणी आईचा पदर धरून जात असे. त्यांची एक सवय मला तेव्हापासून लक्षात आहे. केसपेपरवर औषधं इंग्रजीत लिहायचे, पण दुखणं मात्र रुग्णाच्याच शब्दांत लिहायचे. ‘पोटात भगभग’, ‘डोक्यात ठणका’, ‘पायाला मुंग्या’. मराठी रुग्ण असला तर मराठीत, कन्नड असला तर कन्नडमध्ये. त्या सवयीचं मोल मला फार उशिरा, इंग्लंडमध्ये कळलं.

मी वकील नाही. इंग्लंडच्या मध्य भागातल्या रुग्णालयांमध्ये मी बावीस वर्षं दुभाष्याचं काम केलं. डॉक्टर आणि रुग्ण यांच्या मध्ये बसायचं, एकाचं दुसऱ्याला सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही आणि काही गाळायचं नाही. परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसावर तिथल्या दवाखान्यात अन्याय झाला, तर त्याने काय करावं, कुठे जावं, हे मी त्या खुर्चीवरून पाहिलं. आज त्याविषयी बोलायचं आहे, आणि या गावात ते बोलताना सुरुवात एकाच नावाने होऊ शकते.

सविता हलप्पनवार. माहेर बेळगावचं, घरची भाषा कन्नड, दंतवैद्यकीचं शिक्षण इथल्याच केएलई संस्थेत. लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवेला गेली. २१ ऑक्टोबर २०१२ च्या रविवारी पाठदुखी सुरू झाली म्हणून ती तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात गेली. वय ३१, सतरावा आठवडा. गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना त्याच दिवशी कळलं होतं. त्याच मध्यरात्रीनंतर पाणी गेलं. मंगळवारी तिने गर्भपात करा म्हणून विनंती केली. बाळाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत तोवर कायद्याने ते करता येणार नाही, असं उत्तर मिळालं. बुधवारी पहाटे ताप, हुडहुडी, नाडी धावलेली. संसर्ग रक्तात भिनला होता. २८ ऑक्टोबरच्या पहाटे ती गेली.

हे सगळं आपण वर्तमानपत्रांत वाचलं आहे. तिचं नाव आयर्लंडच्या गर्भपात कायद्याशी जोडलं गेलं आणि ते योग्यच झालं. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी घटनेतली गर्भपातावरची बंदी काढून टाकली, तेव्हा डब्लिनच्या पोर्टोबेलो भागात तिच्या भित्तिचित्रावर लोकांनी शेकडो चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. पण मला या गोष्टीची दुसरी बाजू तुमच्यापुढे ठेवायची आहे. परक्या मुलखात पत्नी गमावलेल्या एका तरुण इंजिनिअरने काय काय केलं?

त्याने कागद मागितले. वकिलामार्फत फाइल हातात आली, आणि तेव्हा त्याने जाहीरपणे सांगितलेली गोष्ट मी कधी विसरणार नाही. चहा मागितला, जादा पांघरूण मागितलं, याच्या नोंदी फाइलीत होत्या. गर्भपाताची विनंती केली, याची नोंद मात्र त्याला सापडली नाही.

मंडळी, वैद्यकीय हलगर्जीपणाच्या बहुतेक प्रकरणांचा जीव या एवढ्याशा गोष्टीत असतो. जे फाइलीत नाही ते घडलंच नाही, अशी सुरुवात असते. घडलं हे सिद्ध करायचं ओझं रुग्णावर येतं, आणि रुग्ण बहुधा आजारी असतो, शोकात असतो, किंवा जग सोडून गेलेला असतो.

त्याच सुमारास आयर्लंडच्या आरोग्य सेवेने चौकशी समिती नेमली. तिच्यात त्याच रुग्णालयातले तीन डॉक्टर होते. पतीने हरकत घेतली, आणि त्या तिघांना काढावं लागलं. इथे थांबून विचार करा. आपल्यापैकी किती जण असं म्हणाले असते? आपल्याला वाटतं, सरकारने समिती नेमलीय, मोठी माणसं आहेत, आपण बाहेरचे. बाहेरचा माणूसही समितीत कोण बसणार हे विचारू शकतो. विचारलं तर ऐकलं जातं, हे गॉलवेत दिसलं.

त्यानंतर एप्रिल २०१३ मध्ये कॉरोनरपुढची चौकशी झाली. कॉरोनर म्हणजे अकस्मात मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी. मुंबईत ही व्यवस्था १९९९ पर्यंत होती. कॉरोनर कुणाला दोषी ठरवत नाही, नुकसानभरपाई देत नाही. पण त्याच्यापुढे डॉक्टर आणि परिचारिका शपथेवर, उघड सभागृहात बोलतात. सविताने विनंती केली होती, हे तिथे डॉक्टरांनी मान्य केलं. हा कॅथलिक देश आहे, असं आपण म्हटल्याचं एका परिचारिकेने मान्य केलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पहिल्याच दिवशी वाढलेल्या होत्या आणि तो अहवाल कुणी वेळेत पाहिला नाही, हे बाहेर आलं. पाणी गेल्यावर दर चार तासांनी ताप-नाडी पाहायचा रुग्णालयाचाच नियम पाळला गेला नाही, हेही बाहेर आलं. ज्यूरीने एकमताने निष्कर्ष दिला: वैद्यकीय दुर्घटना. फाइलीत न सापडलेली ओळ अशी शपथेवरच्या जबाबातून सार्वजनिक झाली.

त्याच वर्षी जूनमध्ये आरोग्य सेवेच्या समितीचा अहवाल आला, तोही रुग्णालयाच्या बाजूने नव्हता: देखरेख कमी पडली, उपलब्ध पर्याय तिच्यापुढे मांडले गेले नाहीत, संसर्गाबद्दलचे नियम पाळले गेले नाहीत. ऑक्टोबरमध्ये आरोग्यसेवेच्या दर्जावर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र प्राधिकरणाने वेगळा अहवाल दिला आणि तिला वाचवण्याच्या तेरा संधी हुकल्याचं नोंदवलं. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा मात्र मार्च २०१६ मध्ये तडजोडीने मिटला.

हे इतक्या तपशिलात सांगण्याचं कारण आहे. एकाच दुःखातून चार वेगळे दरवाजे उघडले आणि प्रत्येकातून वेगळी गोष्ट बाहेर आली. कॉरोनरकडून सत्य, अहवालांतून कारण, दिवाणी दाव्यातून पैसा, आणि वर्तमानपत्रांतून व रस्त्यावरच्या माणसांतून कायदा. यातलं एकही दार दुसऱ्याचं काम करत नाही. माझ्याकडे येणारी माणसं पहिलं वाक्य एकच बोलायची: “ताई, केस करायची आहे.” मी विचारायची, तुम्हाला नेमकं काय हवंय? कुणाला डॉक्टरने चूक कबूल करून माफी मागायला हवी असायची. कुणाला उरलेल्या आयुष्याच्या औषधोपचारांसाठी पैसा हवा असायचा. कुणाला वाटायचं, या माणसाने पुन्हा कुणावर शस्त्रक्रिया करू नये. आणि कितीतरी जणांना आधी चुकलेला उपचार आत्ता नीट व्हायला हवा असायचा, आणि भांडणाच्या भरात ते हेच विसरलेले असायचे. माफी हवी असणाऱ्याने कोर्टात जाऊन पाच वर्षं घालवावीत आणि पैसा हवा असणाऱ्याने वैद्यक परिषदेकडे अर्ज करून वाट पाहत बसावं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं. वैद्यक परिषद डॉक्टरचा परवाना पाहते, रुग्णाला भरपाई देत नाही. ही एक ओळ कळली असती तर काही घरांची दोन-तीन वर्षं वाचली असती.

सगळ्यात क्रूर चीज म्हणजे मुदत. इंग्लंडमध्ये भरपाईच्या दाव्याला तीन वर्षं, चूक झाल्यापासून किंवा ती आपल्याला कळल्यापासून. लहान मुलाच्या बाबतीत ते मूल एकवीस वर्षांचं होईपर्यंत. पण रुग्णालयाकडच्या तक्रारीला साधारण बारा महिनेच. आयर्लंडमध्ये दाव्याला दोन वर्षं. अमेरिकेत राज्याराज्याचा कायदा निराळा: आपली इतकी माणसं राहतात त्या न्यू जर्सीत दोन वर्षं, कॅलिफोर्नियात चूक कळल्यापासून एकच वर्ष. जर्मनीत तीन वर्षं, पण मोजायची ती चूक कळली त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपासून. आणि माणसं नेमकी फसतात ती इथे: इंग्लंडमध्ये रुग्णालयाशी तक्रारीचा पत्रव्यवहार चालू असला तरी कोर्टाची मुदत थांबत नाही. दोन वर्षं गोड भाषेतली पत्रं येत राहतात, माणूस निर्धास्त राहतो, आणि एक दिवस वकील सांगतो, आता वेळ गेली. दुसरं आपलंच: व्हिसा संपला, नोकरी गेली, मन उबगलं, की आपण घरी परततो. परतल्यावर वाटतं, आता इथून काय होणार. होतं. चूक जिथे झाली तिथलाच कायदा बहुधा लागतो, पण तिथला वकील इथून नेमता येतो, इथले कागद अधिकृतपणे प्रमाणित करून घेता येतात, साक्ष पडद्यावरूनही देता येऊ शकते. मुदत मात्र आपल्या विमानाबरोबर परत येत नाही, ती तिथेच चालू राहते.

देशागणिक सगळं सांगायला वेळ नाही, जिथे आपली माणसं जास्त आहेत तेवढं बोलते.

अमेरिकेत वकील बहुतेकदा आधी पैसे घेत नाही. जिंकला तर साधारण तिसरा हिस्सा घेतो. ऐकायला सोपं वाटतं. पण तज्ज्ञ डॉक्टरांची मतं मिळवायलाच प्रचंड खर्च येतो, म्हणून वकील आधी हिशेब करतो. कॅलिफोर्नियात १९७५ च्या कायद्याने वेदना आणि दुःख यांच्या भरपाईवर अडीच लाख डॉलरची मर्यादा घातली होती. ती जवळजवळ अर्धशतक तशीच राहिली आणि २०२३ पासून वाढू लागली. बुडालेल्या पगाराला मर्यादा नाही. याचा अर्थ काय होतो बघा. नातवंडं सांभाळायला गेलेली आजी कुणाच्या चुकीने गेली, तर तिचा पगार शून्य. मग उरतं मुख्यतः मर्यादेतलं दुःख, आणि वकील म्हणतो, हे प्रकरण मी घेत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी ते इथे स्पष्ट म्हणते. ज्या हातांनी घर चालतं त्यांची किंमत व्यवहारात फार कमी धरली जाते. अशा वेळी राज्याच्या वैद्यक मंडळाकडे तक्रार करता येते, तिला पैसे पडत नाहीत.

जर्मनीत आता आपले कितीतरी विद्यार्थी आणि अभियंते आहेत. तिथली एक सोय फार कमी जणांना माहीत असते. सरकारी आरोग्यविम्यात असलेला माणूस आपल्या विमा संस्थेकडे गेला, तर चूक झाली की नाही यावर ती तज्ज्ञांचं मत विनामूल्य मिळवून देऊ शकते. शिवाय डॉक्टरांच्या प्रांतिक मंडळांकडे तंटा मिटवणाऱ्या समित्या असतात, त्यांनाही रुग्णाला फी द्यावी लागत नाही. न्यूझीलंडने तर १९७४ पासून वेगळीच वाट धरली: उपचारातून झालेल्या इजेसाठी दोष सिद्ध न करता सरकारी निधीतून मदत, परदेशी पाहुण्यालाही, पण त्या बदल्यात भरपाईसाठी कोर्टात जाता येत नाही. मला ती पद्धत माणुसकीची वाटते. तिथे रुग्णाच्या हक्कांच्या संहितेत दुभाष्याचा हक्कही लिहिलेला आहे.

आखातात गोष्ट निराळी. संयुक्त अरब अमिरातीत २०१६ चा वैद्यकीय जबाबदारीचा कायदा आहे. तक्रार आधी संबंधित आरोग्य खात्याकडे जाते, वैद्यकीय समिती चूक झाली का ते ठरवते, आणि भरपाईची वाट तिच्यातूनच जाते. कोर्टाची भाषा सहसा अरबी, म्हणून अधिकृत भाषांतर लागतं. पण खरी अडचण कायद्यात नसते, मनात असते. व्हिसा मालकाच्या हातात, दवाखाना मालकाच्या विम्यातला, खोलीत आठ जण. तिथला माणूस तक्रार कशी करणार? त्याला निदान एवढं माहीत असावं की भारतीय वकिलातीकडे २००९ पासून समाजकल्याण निधी आहे, अडचणीत सापडलेल्यांना त्यातून कायदेशीर मदतही मिळू शकते, आणि २०१५ पासून ‘मदद’ नावाच्या सरकारी यंत्रणेत तक्रार नोंदवता येते. वकिलात तुमचा खटला लढणार नाही. पण तिच्या नोंदवहीत तुमचं नाव असणं एकट्या माणसाला उपयोगी पडतं.

उलट दिशेचाही एक प्रसंग आहे. अनुराधा साहा ओहायोत राहत होत्या. १९९८ मध्ये सुट्टीला कोलकात्याला आल्या, अंगावर पुरळ उठलं, स्टेरॉइडचं इंजेक्शन नको तितक्या मात्रेत दिलं गेलं, आणि मे महिन्यात मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्या गेल्या. त्यांचे पती स्वतः डॉक्टर. ते अमेरिकेत राहून भारतातल्या आयोगांपुढे आणि कोर्टांपुढे लढत राहिले. ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई वाढवून सुमारे सहा कोटींवर नेली, व्याज धरून ती अकरा कोटींपुढे गेली. पंधरा वर्षं लागली. आज परदेशातून सुट्टीवर आलेल्या माणसाने लक्षात ठेवावं की १९९५ पासून इथला पैसे घेऊन दिलेला उपचार ग्राहक कायद्याखाली येतो, आणि ग्राहक आयोगाकडे जायची मुदत दोन वर्षांची आहे.

आता माझ्या कामाच्या मुळाशी येते. १९८० मध्ये फ्लोरिडात एका क्युबन घरातल्या अठरा वर्षांच्या मुलाला बेशुद्धावस्थेत दवाखान्यात आणलं. घरच्यांनी स्पॅनिशमध्ये सांगितलं, ‘इन्तॉक्सिकादो’. त्यांच्या बोलीत याचा अर्थ, काहीतरी खाण्यापिण्यातून बाधलं असावं. डॉक्टरांनी घेतलेला अर्थ: अमली पदार्थ. मेंदूत रक्तस्राव होत होता आणि उपचार चालला होता नशेचा. तो मुलगा चारही हातापायांनी लुळा झाला. तडजोडीत हयातभराची मिळून सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर भरपाई ठरली. एका शब्दाची.

आपल्या मराठीत असे शब्द किती आहेत ते मोजा. कणकण म्हणजे ताप की ताप नाही? घेरी, भोवळ आणि चक्कर यांत फरक काय? कळ, चमक, ठणका, ओढ, हे चारही इंग्रजीत ‘पेन’ होऊन जातात आणि डॉक्टरला नेमका हवा असलेला फरक पुसला जातो. आणि ‘जीव घाबरा होतोय’ या तीन शब्दांनी तर मी माणसं मरणाच्या दारात जाताना पाहिली आहेत.

एका आजींची हकीकत, त्यांच्या परवानगीने. आपल्याच जिल्ह्यातल्या. मुलाकडे इंग्लंडला गेल्या होत्या, सुनेच्या बाळंतपणाला. एका संध्याकाळी म्हणू लागल्या, “जीव घाबरा होतोय रे, सारखा.” मुलाने दवाखान्यात नेलं आणि स्वतःच दुभाषी झाला. त्याने सांगितलं, आई घाबरली आहे. परका देश, घरात तान्हं बाळ, डॉक्टरांना पटलं. शांत करणारी गोळी देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या रात्री हृदयविकाराचा झटका. आजी वाचल्या.

मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याला दोन भीती होत्या. एक, तक्रार केली तर आईला पुन्हा व्हिसा मिळणार नाही. ही भीती खोटी होती. व्हिसाला अडचण येते ती दवाखान्याचं बिल थकवल्याने, तक्रारीने नव्हे. दुसरी भीती तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “ताई, चूक माझीच असेल तर? भाषांतर मीच केलं ना.” मी त्याला फाइल मागवायला सांगितली. तिथे अर्जानंतर साधारण महिन्याभरात ती द्यावी लागते. पहिल्या संध्याकाळच्या पानावर तीन ओळी होत्या: ‘अस्वस्थ, घाबरलेली’; ‘दुभाषी: मुलगा’; ‘घरी सोडले’. हृदयाचा आलेख काढल्याची नोंद नव्हती. दुभाषी बोलवायचा नियम त्या रुग्णालयाचा स्वतःचा होता. मुलाची चूक नव्हती. आईच्या दुखण्याचं भाषांतर करणं हे मुलाचं काम नसतंच.

आजींना पैसे नको होते. तक्रार त्या संध्याकाळनंतर नवव्या महिन्यात, त्या गावी परतल्यावर गेली. बिल मुलाला हप्त्याहप्त्याने फेडावं लागलं, ते माफ झालं नाही. चार महिन्यांनी रुग्णालयाचं पत्र आलं. मुलाने ते मला पाठवलं, आणि एका रविवारी मी आजींना फोन करून ते मराठीत वाचून दाखवलं. माफी मागितली होती. दुभाषी न बोलावल्याची कबुली होती. आजी हूं हूं करत होत्या. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की तुमच्या फाइलीत दुरुस्तीची नोंद जोडली आहे.

आजी म्हणाल्या, “म्हणजे मी काय बोलले ते आता लिहिलंय तिथं?”

“हो आजी.”

“काय लिहिलंय ते वाच बघू.”

मी वाचलं. ‘रुग्णाने त्या संध्याकाळी छातीत घालमेल होत असल्याचे स्वतःच्या भाषेत सांगितले होते.’

“पुन्हा एकदा वाच, पोरी,” त्या म्हणाल्या.